माशा मारण्याचा उद्योग



मराठीत 'माशा मारत बसणे' म्हणजे काय हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहेच. त्यामुळे डेन्व्हर-बोल्डर परिसरातले आम्ही चार-पाच जण शनिवारी पहाटे उठून 'फ्लाय फिशिंग'ला जातो म्हटल्यावर ओळखीच्या मंडळींनी त्याचे काय भाषांतर केले असेल ते सांगायला नको. आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि सुट्टीच्या दिवशी गार पाण्यात उभे राहून खोट्या माशीने खरा मासा फसवायचा, याला रिकामा उद्योग म्हणावे तर आमची हरकत नाही.

पॉटलकला आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "पकडून परत सोडता? मग पकडता कशाला?" दुसरा, "आम्हालाही यायचंय, सामान काय घेऊ?" पहिल्याकडे नंतर येऊ. दुसऱ्याचे खरे उत्तर असे, की सामानाआधी पाणी समजून घ्या. या छंदातली मजा पाण्यात आहे आणि धोकाही पाण्यातच आहे. शिवाय कोलोरॅडोत डोंगरातला ओढा, धरणाखालची नदी, मोठी वाहती नदी आणि उंचावरचे तळे यांचे स्वभाव इतके वेगळे, की एकीकडे शिकलेले शहाणपण दुसरीकडे चालेलच असे नाही.

तरी आधी दोन शब्द यंत्राविषयी, नाहीतर आमच्यातले इंजिनिअर रागावतील. गोफणीत दगड जड आणि दोरी हलकी असते. साध्या गळाचेही तसेच, शिशाचे वजन पुढे जाते आणि दोरा मागून फरफटत येतो. फ्लायचे गणित उलटे आहे. हुकाला पिसे, लोकर, सशाचे केस बांधून केलेला हा कीटक इतका हलका, की तो फेकताच येत नाही. म्हणून इथे दोरीच जड करतात. पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम असते. ती आसुडासारखी हवेत उलगडत जाते आणि शेवटी फ्लाय अलगद पाण्यावर ठेवते. पुढे नऊएक फुटांचा निमुळता, पारदर्शक 'लीडर' आणि त्याच्या टोकाला 'टिपेट'. टिपेटची जाडी काढायचे सूत्र मजेदार आहे: ११ मधून त्याचा नंबर वजा करा, उत्तर इंचाच्या हजारांशात येते. '५-एक्स' म्हणजे सहा हजारांश इंच.

फेकण्यात जोराचे काम कमी आणि थांबण्याचे जास्त. मागे गेलेली दोरी हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत हात रोखून धरायचा आणि मगच पुढे आणायचा. आपल्यासारख्यांना, ज्यांना पान उघडायला दोन सेकंद लागले तर चैन पडत नाही, हे अर्धे सेकंद फार जड जाते. मात्र मागे काय आहे ते आधी बघावे. झाड असेल तर फ्लाय जाते, माणूस असेल तर कान. डोळ्यांना गॉगल आणि डोक्यावर टोपी हे नियम आमच्या टोळक्यात मुलांनाही आहेत आणि सासऱ्यांनाही. हुकाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला की माशातूनही सहज निघतो आणि बोटातूनही. डोळ्याजवळ रुतला तर स्वतः काढायच्या भानगडीत न पडता सरळ इमर्जन्सी गाठावी.

आता मासा कुठे असतो? ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. वाहत येणारे अन्न हवे, पण त्यासाठी सारखे पोहण्याची मेहनत नको, हा त्याचा हिशेब. म्हणून तो धोंड्याच्या आडोशाला, डोहाच्या तोंडाशी, किंवा वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जाते त्या रेषेवर सापडतो. इथले लोक त्या रेषेला 'सीम' म्हणतात, म्हणजे चक्क शिवण. एकदा ती दिसायला लागली की कुठल्याही पुलावरून जाताना नजर खाली जाते, आणि बायको म्हणते रस्त्याकडे बघ.

बोल्डर क्रीकसारख्या ओढ्यावर शिकायला सुरुवात करावी. पाणी खळाळते, माशाला विचार करायला वेळ मिळत नाही, समोर आलेल्या फ्लायवर तो झडप घालतो. रॉकी माउंटन नॅशनल पार्कात मोरेन पार्कच्या कुरणातून बिग थॉम्पसन नदी वाहते, तीही तिथे ओढ्याएवढीच आहे. पहिला मासा मिळायला याहून देखणी जागा शोधून सापडणार नाही.

पण याच ओढ्यांबद्दल एक गोष्ट आपल्या मंडळींना आवर्जून सांगायची आहे. आपल्या डोक्यात पूर म्हणजे पाऊस, काळे ढग आणि गढूळ तांबडे पाणी. इथला मे-जूनचा पूर बर्फाचा असतो आणि तो स्वच्छ उन्हात, निळ्या आकाशाखाली येतो. ऊन जितके छान, तितके पाणी जास्त. दुपारी वर वितळलेले बर्फ खाली पोचायला काही तास लागतात, म्हणून सकाळी घोटाभर असलेले पाणी संध्याकाळी वाढलेले असू शकते. नेमके याच दिवसांत भारतातून आई-बाबा आलेले असतात, मुलांना सुट्टी असते, आणि ओढ्याकाठी चटई अंथरून पुरी-भाजीचा बेत असतो. ज्याला टँकमध्ये पोहता येते त्याला या पाण्यात पोहता येईलच असे मुळीच नाही. हे काही तासांपूर्वीचे बर्फ आहे, पडल्यापडल्या पहिला श्वासच कोंडतो. आम्ही या दोन महिन्यांत ओढ्यांकडे फिरकत नाही, आणि मुले काठावर असतील तर एका मोठ्या माणसाला रॉड, फोन, कॅमेरा काहीही हातात न घेता नुसते बसवतो.

पावसाचा पूरही इथे आहेच. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी बिग थॉम्पसनच्या घळईवर वादळ एका जागी थांबले आणि पुरात १४४ माणसे गेली. एस्टेस पार्कला जाणारा एक रस्ता त्याच घळईतून आहे. पूर आला तर उंचावर चढा, अशा पाट्या तिथे लावलेल्या दिसतात. त्यांचा अर्थ शब्दशः घ्यायचा: गाडी घेऊन पाण्याशी शर्यत करायची नाही, गाडी तिथेच सोडून डोंगर चढायचा.

धरणाखालचे पाणी, ज्याला 'टेलवॉटर' म्हणतात, हा पूर्ण वेगळा प्रकार. डेन्व्हरच्या नैर्ऋत्येला साउथ प्लॅट नदीवर १९०५ साली बांधून झालेले चीझमन धरण आहे. धरणाच्या तळाकडचे गार पाणी खाली सोडले जात असल्याने तिथले तापमान वर्षभर फारसे हलत नाही. त्यामुळे जानेवारीतही मासेमारी चालते आणि मासे मोठे होतात. पाणी मात्र काचेसारखे, आणि मासे उच्चशिक्षित. त्यांनी बाजारातली प्रत्येक फ्लाय पाहिलेली असते. तांदळाच्या दाण्याहून लहान, २२ नंबरची फ्लाय, केसासारखा टिपेट, आणि तरीही मासा जवळ येऊन, नाकाने हुंगल्यासारखे करून निघून जातो. मुलगी बघायला येऊन पोहे खाऊन परत जाणाऱ्या मंडळींची आठवण होते. फ्लाय प्रवाहाच्या वेगानेच वाहिली पाहिजे. दोरीने तिला किंचित जरी ओढले तरी पाण्यावर बारीक रेघ उठते आणि खेळ संपतो. म्हणून दोरी पाण्यावर पडताच तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा. हे जमले त्या दिवशी आम्हाला प्रमोशनपेक्षा जास्त आनंद झाला होता, हे मॅनेजरला सांगू नये.

इथला धोका असा, की डोक्यावर ढग नसताना पाणी वाढते. शहराला किंवा शेतीला पाणी हवे म्हणून वर झडप उघडली जाते, खाली उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता नसतो. निघण्यापूर्वी प्रवाहाचा आकडा इंटरनेटवर बघायचा. तो घनफूट दर सेकंदात, म्हणजे 'सीएफएस'मध्ये असतो. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. २०० सीएफएस हा आकडा निरुपद्रवी वाटतो, पण त्याचा अर्थ पुण्यातला दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर दोन सेकंदांच्या आत तुमच्या पायांवरून गेला. नदीवर पोचलो की आम्ही पाण्याच्या कडेला एक दगड खूण म्हणून ठेवतो. दगड भिजला की चर्चा न करता बाहेर. चीझमनच्या घळईत उन्हाळ्यात खुळखुळ्या सापांचीही वस्ती असते, दगडावर हात टेकण्यापूर्वी पाहावे.

मोठ्या नद्यांपैकी आर्कन्सा आमच्या आवडीची. एप्रिलच्या अखेरीस ते मेच्या सुरुवातीला तिथे कॅडिस नावाचे किडे ढगांसारखे उठतात, चष्म्यावर, कानात, डब्यातल्या पोळीवरसुद्धा. एरवी तासन्तास अदृश्य असलेले मासे तेव्हा नदीभर टपटप वर येत असतात. असा एक तास मिळाला की पुढचे वर्षभर माणूस बिघडतो.

पण या नद्या माणसाला सहज उचलतात. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो, हे आपण परीक्षेत लिहिलेले आहे. मांडीच्या वर पाणी गेले की आम्ही मागे फिरतो. काठी घेऊनच उतरतो, एक पाय पक्का रुतल्याशिवाय दुसरा हलवत नाही. पाय घसरून वाहून जायला लागलात तर मनातली पहिली ऊर्मी असते उठून उभे राहण्याची, आणि तीच जीव घेते. पाय दोन धोंड्यांच्या सापटीत अडकतो, मागचे पाणी माणसाला पालथे पाडते, आणि पाणी कमरेएवढेच असले तरी डोके वर काढता येत नाही. म्हणून पाठीवर पडायचे, पावले पुढे आणि पाण्याच्या वर ठेवायची, रॉड सोडून द्यायचा आणि तिरके पोहत काठाकडे सरकायचे. अगदी संथ, उथळ पाणी लागल्यावरच उभे राहायचे. रॉड पुन्हा विकत मिळतो.

छातीपर्यंतच्या वेडरमध्ये पाणी शिरले की माणूस दगडासारखा बुडतो, असे बरेच जण सांगतात. ते खरे नाही. पाण्यात पाण्याला वजन नसते. मात्र भरलेल्या वेडरसकट हातपाय हलवणे आणि काठावर चढणे महाकठीण होते. वेडरबरोबर मिळणारा पट्टा कमरेला घट्ट आवळला तर पाणी फारसे आत जात नाही. तो पट्टा शोभेचा समजून गराजमध्ये टाकून देणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

आणखी एक धोका कोरडा आहे. कोलोरॅडोत नदीचे पाणी जनतेचे असले तरी खालची जमीन खासगी असू शकते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७९ च्या निकालानंतर अशा जागी पाण्यात पाय टेकवणे म्हणजे अतिक्रमण. आर्कन्सा नदीवरच्या एका मच्छीमाराने याविरुद्ध दिलेला लढा २०२३ साली, त्याला असा दावा करण्याचा अधिकारच नाही, या मुद्द्यावर संपला. माँटाना राज्यात १९८५ च्या कायद्याने नेहमीच्या उच्च जलरेषेपर्यंत कोणीही चालू शकते. त्यामुळे तिकडून आलेल्या मित्राच्या सांगण्यावर इथे कुंपण ओलांडू नये. जे व्हिसावर आहेत त्यांनी तर नकाशा दोनदा पाहावा. एका माशासाठी पोलिसांच्या कागदावर नाव यायला नको.

उंचावरची तळी हा आमचा सर्वांत लाडका प्रकार. साधारण साडेअकरा हजार फुटांवर झाडे संपतात, त्याच्या आसपास ही तळी असतात. बर्फ जूनअखेर किंवा जुलैत सुटते. इथे पाणी वाहत नाही, म्हणून मासा फिरतो आणि आपण उभे राहायचे. काठाकाठाने गस्त घालणारा कटथ्रोट, गळ्याखाली कुंकवाचे बोट ओढल्यासारखी लाल रेघ असलेला, दुरून येताना दिसतो. छातीत धडधडते, त्यात उंचीचा भाग किती आणि माशाचा किती हे सांगता येत नाही.

या कटथ्रोटचीच एक जात, ग्रीनबॅक, हा कोलोरॅडोचा राज्यमासा. १९३७ पर्यंत तो नामशेष झाला असे मानले गेले. पुढे तो सापडला म्हणून जागोजागी वाढवला. मग २०१२ साली संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी जनुके ताडून पाहिल्यावर कळले, की अस्सल ग्रीनबॅक उरलाय फक्त कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळच्या बेअर क्रीक या एका ओढ्यात! तिथून पुन्हा सुरुवात झाली, आणि आय-सेव्हंटी महामार्गाला लागून असलेल्या हर्मन गल्चमध्ये तो आता स्वतःहून प्रजनन करतो आहे, असे २०२२ मध्ये जाहीर झाले.

तळ्यावरचा धोका वरून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी वीज पडणे इथे रोजचेच, आणि झाडांच्या वर, मोकळ्या जागी, हातात नऊ फुटांचा ग्रॅफाइटचा रॉड घेऊन उभा असलेला माणूस म्हणजे चालता-बोलता विजेचा सांगाडा. आम्ही पहाटे चारला घर सोडतो आणि मासे कितीही खात असले तरी अकराच्या सुमारास खाली उतरायला लागतो. मागच्या खेपेला आकाश निरभ्र असताना निघालो, तेव्हा वर येणाऱ्या चौघांनी "इतक्यात?" म्हणून थट्टा केली. पार्किंगमध्ये चहाचा थर्मास उघडेपर्यंत वर गडगडाट सुरू झाला होता. चौघे तासाभराने ओलेचिंब, पांढऱ्या चेहऱ्यांनी आले. उरलेला चहा त्यांना दिला.

खाऱ्या पाण्याबद्दल थोडक्यात. फ्लोरिडाच्या किंवा टेक्ससच्या किनाऱ्यावर उथळ वाळूत उतरलात तर पाय न उचलता घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच पळून जातो. त्याच्या शेपटीचा काटा काय करतो हे कोकणातल्या मंडळींना सांगायला नको. घरी आल्यावर सगळे सामान गोड्या पाण्याने धुवावे.

धुण्यावरून आठवले. बोल्डर क्रीकमध्ये २००४ साली न्यूझीलंडची मोहरीएवढी गोगलगाय सापडली. एकटी मादी नराशिवाय वंश वाढवते, आणि ती बुटांना चिकटून एका नदीतून दुसरीत जाते. नदी बदलताना बूट घासून, पूर्ण वाळवूनच न्यावेत.

आता तो पहिला प्रश्न. आमच्यातल्या एकाची आई मालवणची. तिकडे गरी टाकतात ती रात्रीच्या जेवणासाठी. ती एक दिवस आमच्याबरोबर आली, तीन मासे सोडलेले पाहिले आणि म्हणाली, "बिचाऱ्याक तोंडात टोचून सोडतास, त्यापेक्षा खावा तरी." तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. माशाला काही होत नाही असे आम्ही म्हणणार नाही, सोडलेल्यांपैकी काही मरतातच. हात ओले करून धरणे, पाण्याबाहेर दोन-चार सेकंदच ठेवणे, फोटोचा हट्ट न करणे याने मरण कमी होते. पाणी २० अंश सेल्सिअसवर गेले की ट्राउट सोडला तरी वाचेल याची खात्री नसते, म्हणून आमच्याकडे थर्मामीटर असतो आणि त्या आकड्याला आम्ही दोरी गुंडाळतो. सोडण्याचे कारण हिशेबाचे आहे: एवढ्या माणसांनी प्रत्येक मासा घरी नेला तर चार शनिवारांत नदी रिकामी होईल.

पण खायचाच असेल तर ब्रुक ट्राउट खावा. तो मूळचा पूर्वेकडचा, इथे आणून सोडलेला, आणि डोंगरातल्या ओढ्यांत त्याने कटथ्रोटला हुसकावले आहे. नियम जिथे परवानगी देतात तिथे हातभर नव्हे, वीतभर लांबीचे चार ब्रुक आणावेत. त्या माउलीने ते आले-लसूण, तिरफळ आणि रवा लावून तळले. चव बांगड्यापुढे फिकी, असा निकाल तिने दिला, पण ताटात एकही उरला नाही.

ज्यांना इतक्या लांब जायला जमत नाही त्यांच्यासाठी डेन्व्हर शहरातूनच साउथ प्लॅट वाहते आणि तिच्यात मोठमोठे कार्प आहेत. इथले जुने लोक कार्पला नाक मुरडतात. आपल्याला तसे करायचे कारण नाही, कारण रोहू, कटला आणि महासीर हे सगळे त्याच घराण्यातले. लोणावळ्याला वळवण धरणावर टाटा पॉवरचे लोक महासीरची पिल्ले वाढवून अनेक दशके ठिकठिकाणच्या पाण्यात सोडत आले आहेत, त्याचाच हा दूरचा अमेरिकन चुलतभाऊ. तो ट्राउटपेक्षा जास्त संशयी आहे. पावलाचा आवाज त्याला कळतो, आणि एकदा लागला की दोरीमागचा राखीव दोरासुद्धा बाहेर काढतो. पाण्यात उतरायची गरज नाही, काठावरूनच फेकता येते, सायकलवरून जाता येते. वय १६ किंवा जास्त असेल तर लायसन्स इथेही लागते. पहिल्या वेळी रॉड विकत घेऊ नका, आमच्याकडे दोन जादा आहेत.